छत्तीस पॉइंट दोन सेकंद

भूपेश सरांची ओळख सांगायची, तर आधी त्यांच्या पुठ्ठ्याची सांगावी लागते.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाराच्या आतल्या बाजूला तो खिळ्याला टांगलेला असे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पांढरा कागद, आणि कागदावर सरांचं टपोरं अक्षर: 'भौतिकशास्त्र. अपेक्षा आणि गुण.' अकरावीचं पोरगं जून-जुलैत विज्ञान शाखेत आलं की पहिल्या दिवशी त्याला या पुठ्ठ्यासमोर उभं राहून सगळं मोठ्यानं वाचावं लागे. प्रयोगाचे तीस गुण. त्यातले दहा जर्नलला, म्हणजे प्रयोगवहीला. जर्नल सोमवारी टेबलावर पाहिजे, एक दिवस उशीर तर एक गुण कमी. वाचनं, म्हणजे प्रयोग करताना मोजून घेतलेले आकडे, स्वतःची पाहिजेत, दुसऱ्याचं उतरवलेलं सापडलं तर शून्य. उत्तरात दोन टक्क्यांच्या वर चूक असेल तर प्रयोग पुन्हा. आणि शेवटची ओळ लाल शाईत: 'जर्नलवर माझी सही नसेल त्याला परीक्षेला बसता येणार नाही.'

सर जवळच्याच ब्राह्मणपुरी गावचे. घरी केळी आणि पपई, भावाच्या हातात शेती, सरांच्या हातात खडू. तालुक्यात बाकी ठिकाणी प्रयोगाचे तीसपैकी अठ्ठावीस सगळ्यांना सरसकट वाटतात, हे सगळ्यांना माहीत होतं. भूपेश सर वाटत नसत. पाराजवळ कुणी म्हणालं, "सर, मन्हा पोऱ्याले दोन मार्क वाढाई द्या ना," तर सर हसून म्हणत, "त्याले सांग, पुठ्ठा वाच." माणसं थोडी चिडत आणि मागून चांगलं बोलत. ते चांगलं बोलणं सरांच्या कानावर येई. अकरा वर्षं ते त्यावर जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी अकरावीत प्रिस्किला आली. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातली. तिकडच्या वसतिगृहात विज्ञानाच्या मुलींची जागा भरलेली, म्हणून शंभर किलोमीटर लांब इकडच्या सरकारी वसतिगृहात तिचा नंबर लागला. अंगानं बारीक, बोलणं कमी. मराठी पुस्तकातली बोलायची, कारण घरी मावची आणि इथल्या पोरी अहिराणी बोलणाऱ्या. मधली भाषा तिच्याकडे तेवढीच होती. वसतिगृहाचा नियम साधा होता: अकरावी नापास झाली की खोली गेली.

डिसेंबरात लंबकाचा प्रयोग आला. प्रयोग सोपा. लोखंडी आकड्याला दोरा, दोऱ्याला पितळी गोळा, गोळ्याला झोका. वीस झोके किती सेकंदांत होतात ते मोजायचं, दोऱ्याची लांबी पट्टीनं मोजायची, आणि त्यावरून पृथ्वी किती जोरानं ओढते ते काढायचं. उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं. शेवटी आलेखाची रेषा काढायची. ती कोपऱ्यातल्या शून्यातून गेली पाहिजे, कारण दोराच नसेल तर झोकाही नाही.

चाळीस जणांची उत्तरं नऊशे पंच्याहत्तर ते नऊशे ऐंशीच्या आत आली. प्रिस्किलाचं आलं एक हजार दहा.

"पुन्हा कर," सर म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. एक हजार नऊ. पुढच्या आठवड्यात जेवणाची सुट्टी सोडून तिसऱ्यांदा केलं. एक हजार दहा. आणि तिची आलेखाची रेषा शून्यातून न जाता दोन घरं वरून जायची. तिन्ही वेळा दोनच घरं.

सरांनी वही हातात घेतली. वर्ग बघत होता. लाल पेननं त्यांनी रेषेच्या टोकाला गोल केला, लिहिलं, 'रेषा शून्यातून गेली पाहिजे. निष्काळजीपणा.' आणि मग, का कोण जाणे, वही मिटता मिटता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय गं, तुमच्या नवापूरच्या डोंगरात पृथ्वी जास्त जोरात ओढते का?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरनं कुणी तरी जोड दिली, "म्हणून तर हाई लवकर उठत नही, सर." हसू वाढलं. सरही हसले. प्रिस्किलानं वही उचलली आणि जागेवर जाऊन बसली. ती रडली नाही, त्यामुळे सर ती गोष्ट विसरून गेले.

मार्चात जर्नलवर सह्या झाल्या. चाळीस झाल्या, एक राहिली. शुक्रवारी ती टेबलापाशी आली तेव्हा सर म्हणाले, "लंबक दुरुस्त केलास?"

"सर, तीनदा केला."

"उत्तर?"

"तेच येतं."

"मग सही कशी करू? पुठ्ठा सगळ्यांना सारखा आहे." शेजारच्या वह्यांकडे हात दाखवून ते म्हणाले, "ह्यांचं येतं, तुझंच का येत नाही?"

प्रिस्किलानं आपली वही उचलली. मग म्हणाली, "ते मला माहीत आहे सर. पण मी नाही सांगणार."

सरांना तो उर्मटपणा वाटला. परीक्षा सोमवारी होती. शनिवारी सकाळी वसतिगृहातून कळलं की ती पेटी घेऊन पहाटेच्या गाडीनं गावी गेली.

शनिवारी दुपारी सर परीक्षेची मांडामांड करायला प्रयोगशाळेत आले. सोबत सुपडूआप्पा. आप्पा तिथले परिचर. प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली आणि प्रत्येक स्क्रू त्यांना तोंडपाठ, आणि निवृत्तीला आठ महिने उरलेले. अनुदानातून नव्या मीटरपट्ट्या आल्या होत्या, पिवळ्या, करकरीत. आप्पांनी एक नवी पट्टी लंबकाच्या जुन्या पट्टीशेजारी ठेवली आणि फडक्यानं टेबल पुसायला लागले.

सरांचं लक्ष गेलं. दोन्ही पट्ट्यांचं एक टोक भिंतीला टेकलेलं, आणि तरी जुनी पट्टी दोन सेंटिमीटर आखूड.

त्यांनी जुनी पट्टी उजेडात धरली. सुरुवातीचे आकडे हातांच्या घामानं कधीच पुसून गेलेले. पहिला वाचता येण्यासारखा आकडा अकरा. त्यांनी नवीवरून जुळवून पाहिलं. जुनीवर जिथं साठ लिहिलं होतं, तिथं खरी लांबी अठ्ठावन्न भरत होती.

"आप्पा, हाई पट्टी कोनी कापी?"

"मीच कापी ना," आप्पा पुसता पुसता म्हणाले. "उधई लागी गयती. शेंडा भुसा व्हयी गयता. मी करवत लाई, पॉलिशपेपर मारा. कशी गुळगुळीत शे, देखा."

"कोनता साले?"

"तुम्ही उनात ना, त्याच साले. पावसाळामा." आप्पांनी मान वर केली. "कसाले सर? बरोबर नही का? अकरा वरीस व्हयनात, कोनी काहीच नही म्हनं."

सर स्टुलावर बसले. वाळवी लागलेलं टोक कापलं, आणि अकरा वर्षं कोणी काहीच म्हटलं नाही. या पट्टीनं लंबक मोजला तर उत्तर नऊशे ऐंशी येऊच शकत नाही. एक हजार दहाच येणार. रेषा दोन घरं वरूनच जाणार, कारण पट्टी दोनानं खोटी आहे. ती पोरगी तिन्ही वेळा पट्टीचा आजार बरोबर दाखवत होती, आणि त्यांनी त्या जागेवर लाल गोल करून निष्काळजीपणा लिहिला होता. मग बाकीच्या चाळिसांचं नऊशे शहात्तर आलं कुठून?

गठ्ठा समोरच होता. त्यांनी वरची वही उघडली. रुचिकाची, वर्गात पहिली येणारी. चाळीस सेंटिमीटरला पंचवीस पॉइंट चार सेकंद. साठला एकतीस पॉइंट एक. ऐंशीला छत्तीस पॉइंट दोन. दुसरी वही: ऐंशीला छत्तीस पॉइंट दोन. तिसरी, नववी, तिसावी. सगळीकडे छत्तीस पॉइंट दोन.

सरांनी मनातच हिशोब केला. छत्तीस पॉइंट दोन चुकीचं होतं. खऱ्या पट्टीनंही तिथं पस्तीस पॉइंट नऊ यायला हवं.

त्यांनी कपाट उघडलं. मागच्या वर्षीच्या नमुन्याच्या वह्या, त्याच्या मागच्या वर्षीच्या, त्याच्याही मागच्या. वसतिगृहातली रीत त्यांना ठाऊक होती, सगळ्याच मास्तरांना ठाऊक असते: वरच्या वर्गाची पोरं जाताना जर्नल खालच्यांना देऊन जातात, खालची पुन्हा त्यांच्या खालच्यांना. पुठ्ठ्यावर नियम होता म्हणून ही रीत आपल्या वर्गात नाही, असं सरांनी धरून चाललं होतं. दहा वर्षांच्या वह्यांत छत्तीस पॉइंट दोन होतं. दर पानाखाली त्यांची सही होती. काहींवर 'छान' असा शेरा होता.

सगळ्यात तळाशी एक निळ्या कव्हरची वही निघाली. तिच्यावर कुणा पोराचं नाव नव्हतं. ती त्यांची स्वतःची होती, पहिल्या वर्षी वर्गापुढं प्रयोग करून दाखवला तेव्हाची. त्यांनी ती उघडली नाही, नुसती हातात धरली, कारण आत काय आहे ते त्यांना आठवलं.

नोकरी लागून तेव्हा तीनच आठवडे झाले होते. मुख्याध्यापक मागं उभे होते, पुढं पन्नास पोरं. सरांनी लंबक लावला, झोके मोजले, फळ्यावर हिशोब केला आणि उत्तर आलं हजाराच्या वर. पट्टी तपासावी असं डोक्यातही आलं नाही. चूक आपलीच, ती कुणाला दिसू नये, एवढंच आलं. त्यांनी फळा पुसला, "नीट वाचन घेऊ" म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी झोके मोजण्याचं नाटक करून, यायला हवे ते आकडे मनानं उलटे काढून लिहिले. आणि सगळेच आकडे चोख आले तर खोटं वाटेल, म्हणून एक मुद्दाम थोडा बिघडवला. पस्तीस पॉइंट नऊच्या जागी छत्तीस पॉइंट दोन. मुख्याध्यापक मान डोलावून गेले. पोरांनी सरांच्या वहीतून उतरवून घेतलं.

अकरा वर्षं ते बिघडवलेलं पिल्लू या खोलीत जगलं होतं. पोरं एकमेकांचं उतरवत नव्हती, सगळी मिळून सरांचं उतरवत होती.

"सर, पानी आनू का?" आप्पांनी विचारलं.

"नको."

"चेहरा उतरी गया तुमना."

"आप्पा, तुम्ही पट्टी कापली त्यात काही नाही," सर म्हणाले. हे प्रमाण मराठीत निघालं, जसं वर्गात निघतं तसं. आप्पांना ते परकं वाटलं असावं. ते फडकं पिळत बाहेर गेले.

रविवारी सकाळी सरांनी मोटारसायकल काढली. बायकोला सांगितलं, नवापूरला काम आहे. प्रकाशा गावाच्या पुलावर तापीचं पाणी स्थिर होतं. नंदुरबारच्या बाहेर पथारींवर उरलीसुरली मिरची वाळत होती, तिचा ठसका नाकात बसला. विसरवाडी मागे पडली तशी जमीन चढायला लागली, साग आले, महू, म्हणजे मोहाची झाडं आली. पट्टीबद्दल काय बोलायचं ते त्यांनी रस्ताभर जुळवलं. पट्टीचं बोलणं जुळत होतं. पण मधेच ते दुसरं वाक्य वर यायचं, नवापूरच्या डोंगरात पृथ्वी जास्त जोरात ओढते का, आणि गाडीचा वेग आपोआप उतरायचा. आपण हसलो होतो, हेही त्यांना आता आठवत होतं.

गावात पोचले तेव्हा चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. पत्र्याच्या छपराखालून गाणं बाहेर येत होतं. सर महूच्या झाडाखाली उभे राहिले. फुलं टपटप पडत होती, बुटावर, सीटवर. आपण गावातल्या मास्तरासारखे नाही, कुणाच्या तरी दारात उभ्या असलेल्या माणसासारखे दिसत असू, असं त्यांना वाटलं.

प्रिस्किला बाहेर आली आणि त्यांना पाहून थबकली. सोबत तिची आई, एस्तेर. बाप स्टीफन सोनगडकडे मजुरीला गेला होता, पंधरा दिवसांनी यायचा. आईनं नुसती घराकडे मान हलवली. तिघं चालत गेली.

अंगणात वाळत घातलेल्या महूच्या फुलांशेजारी खाट टाकली. सर बसले आणि पट्टीचं सगळं सांगितलं. प्रिस्किला ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटलंच होतं. मी वितीनं मोजून पाहिलं होतं एकदा. पण म्हटलं, वीत माझी, पट्टी सरकारची."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं सरांकडे पाहिलं. सरांनाच आपला प्रश्न ऐकू आला.

"आणि शुक्रवारी म्हणालीस, सगळ्यांचं का येतं ते माहीत आहे, पण सांगणार नाही."

"रुचिकानं वही दिली होती मला उतरवायला. चांगल्या मनानं दिली होती. तिचं नाव कसं घेऊ?"

"तू का नाही उतरवलंस?"

"पुठ्ठ्यावर लिहिलंय ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मग आईनं मुलीला काही विचारलं. प्रिस्किला सरांना म्हणाली, "आई विचारते, एवढ्या लांब पट्टीचं सांगायला आले का."

सरांनी खाली बघितलं. "नाही. अजून एक आहे. मी वर्गात हिला एक बोललो होतो." आणि त्यांनी ते वाक्य, होतं तसं, अंगणात म्हटलं. वर्गात ते हलकं होतं, इथं उचलवत नव्हतं.

प्रिस्किला आईकडे वळली आणि तिनं ते वाक्य मावचीत सांगितलं. सगळं सांगितलं असावं, कारण मधे नवापूर आलं, आणि शेवटी तिनं वर्ग हसला तो हातानं दाखवला. सरांना त्या भाषेतलं काही कळत नव्हतं, तरी प्रत्येक शब्द कळत होता. आईनं ऐकलं. बोटानं एक फूल इकडचं तिकडे केलं. मग दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणाल्या?"

प्रिस्किला अडखळली. "आई म्हणते, तुम्ही ते सगळ्या पोरांसमोर बोलला होतात. मग इथं कशाला सांगता?"

एस्तेरनं चहा केला, तो त्यांनी प्यायला. निघताना ते म्हणाले, "उद्या परीक्षेला ये. सही मी करतो. अकरा वाजता आहे."

"वर्गात सांगणार?" प्रिस्किलानं विचारलं.

"हो."

"मग येते."

सोमवारी सकाळी सरांनी परीक्षेआधी सगळ्यांना प्रयोगशाळेत उभं केलं. प्रिस्किला मागच्या ओळीत, हातात पेटी तशीच. रात्र तिनं नंदुरबारला मावशीकडे काढली होती. सरांनी आप्पांच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या, शेजारी शेजारी धरायला सांगितल्या. पोरांना फरक दिसला. मग त्यांनी निळी वही उघडून ऐंशीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा छत्तीस पॉइंट दोन मी बनवला. खरा वाटावा म्हणून बिघडवला. तुमच्या वह्यांत जो आहे, तो हाच."

रुचिकाचा चेहरा पांढरा पडला. मागच्या बाकावरच्या पोरानं हळूच विचारलं, "म्हंजे सर, आम्हले शून्य का?"

"पुठ्ठ्यावर तसंच आहे. पण मग पहिलं शून्य मला." सरांनी पुठ्ठा खिळ्यावरून काढला आणि दोन टक्क्यांच्या ओळीवर आडवी रेघ मारली. "आज सगळ्यांना लंबकच. नवी पट्टी. जे येईल ते लिहायचं. उत्तराला गुण नाहीत, वाचनांना आहेत. तुमच्या आजच्या वाचनांवरच जर्नलचेही दहा देईन."

इतकं बोलणं सोपं गेलं. कदाचित चुकीची कबुली देणाऱ्या माणसाचाही एक रुबाब असतो, आणि सरांना तो क्षणभर जाणवला, आवाज जरा चढलाही. म्हणून पुढचं जास्त अवघड झालं.

"डिसेंबरात मी प्रिस्किलाला," ते म्हणाले आणि थांबले. पोरं वाट पाहत होती. मागच्या ओळीत प्रिस्किला पेन्सिलीला टोक काढत होती, मान खाली घालून, अगदी सावकाश. "मी तिला विचारलं होतं, नवापूरच्या डोंगरात पृथ्वी जास्त जोरात ओढते का. तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. तेव्हा या खोलीत खरं वाचन एकटीचंच होतं. ते वाक्य वाईट होतं. पट्टी चांगली असती, तरी वाईटच होतं."

ज्या पोरानं तेव्हा जोड दिली होती तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. आप्पा दोन्ही पट्ट्या अजून धरूनच उभे होते. कुणी खाली ठेवा म्हटलं नव्हतं.

परीक्षा झाली. उत्तरं नऊशे साठपासून एक हजार चारपर्यंत कुठंही आली. एक्केचाळीस वेगवेगळे हात, एक्केचाळीस वेगवेगळी वाचनं. सरांनी इतक्या वर्षांत असा गठ्ठा पाहिला नव्हता. प्रिस्किलाचं नऊशे बासष्ट आलं. घड्याळ दाबायला बोट उशिरा गेलं, असं तिनं खाली स्वतःच लिहिलं होतं.

सगळे गेल्यावर ती राहिलेल्या सहीसाठी जर्नल घेऊन आली. सरांनी लंबकाचं पान काढलं. लाल गोल, लाल शब्द.

"हे खोडतो," सर म्हणाले आणि पेन उचललं.

"नको सर. राहू द्या. खाली सही करा फक्त."

"का गं? हे बरं दिसतं का?"

"पुढच्या वर्षीच्या मुली वही मागणार. मागतातच." तिनं पानावर बोट ठेवलं. "त्यांना कळू दे, रेषा दोन घरं वर गेली होती."

सरांनी पेन धरलं. निष्काळजीपणा या शब्दाच्या बरोबर खाली तेवढीच जागा उरली होती. त्यांनी त्या जागेत सही केली. सही त्या शब्दाखाली आली, लिहिणाऱ्याचं नाव खाली येतं तशी, आणि निष्काळजीपणा पोरीचा की सही करणाऱ्याचा, हे नव्यानं वाचणाऱ्याला कळणार नव्हतं. सरांना ते दिसलं. त्यांनी तारीख घातली, वही वाळेपर्यंत उघडी ठेवली, आणि मग तिच्या हातात दिली.